दसरा काढताना निघालेली अडगळ



पितृपंधरवडा लागला की आपल्या भागात घरोघर दसरा काढायला सुरुवात होते. वाकळा आणि गोधड्या ओढ्यावर जातात, फळीवरची भांडी चिंचेने घासून अंगणात उन्हाला पालथी पडतात, भिंती पोतारल्या जातात. माळ्यावरचे, कोठीतले, गोठ्याच्या आढ्याला खोचलेले सारे सामान वर्षातून एकदा उजेड पाहते. तळाला गळणारा गुंड, एका कानाची कढई, जळालेली पाण्याची मोटर, थोरल्या पोराची लहानपणची सायकल, बैल विकल्यापासून पडून असलेले जू आणि लग्नाच्या आहेरात आलेली एकसारखी चार घड्याळे. घरधनीण विचारते, "याचं काय करायचं?" घरधनी म्हणतो, "राहू दे वर, कधीतरी कामाला येईल." झाले! सारे पुन्हा माळ्यावर जाते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत उंदरांच्या स्वाधीन होते.

आज या सदरात त्या माळ्यावरच्या सामानाचा हिशेब मांडू या.

दसऱ्याच्या तोंडावर आपल्याला पैशाची ओढ किती असते हे सांगायला नको. सोयाबीन कापायला आलेले असते. मजुरी रोख द्यावी लागते, मळणीयंत्रवाला उधारीवर थांबत नाही. लेकीला माहेरी आणायचे असते आणि हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचे दसऱ्याचे प्रदर्शन पाहायला मुले हट्ट धरून बसलेली असतात. अशा वेळी दोन-चार हजारांसाठी कुणाकडे तरी व्याजाने हात पसरावा लागतो, नाहीतर ओले सोयाबीन तसेच आडतीवर न्यावे लागते. ओलावा जास्त म्हणून व्यापारी भाव पाडतो आणि वर्षाच्या कष्टातला हिस्सा तिथेच जातो. तेच सोयाबीन आठ दिवस वाळवायला सवड मिळाली, तर भाव बरा येतो. ही आठ दिवसांची सवड पुष्कळदा माळ्यावरच पडलेली असते. मात्र ती नीट विकली पाहिजे.

लाज कशाची?

पहिली अडचण लाजेची. "अमक्याच्या घरी भांडी विकायची पाळी आली" हे वाक्य आपल्याकडे दारिद्र्याची शेवटची पायरी सांगायला वापरतात. त्याला कारणही आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली तांब्यापितळेची भांडी पोटासाठी बाजारात गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना भांडे दाराबाहेर काढतानाही कसेतरी होते.

पण अडचणीत भांडे विकणे वेगळे आणि घर आवरताना नको असलेली वस्तू विकणे वेगळे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशा वेळी भाव समोरचा ठरवतो. निवांतपणी विकायला बसलो तर भाव आपण सांगतो आणि न पटल्यास वस्तू परत घरात ठेवतो. म्हणून अडचण येण्याआधी, सवडीने विकण्यात कमीपणा तर नाहीच, उलट शहाणपण आहे.

अमेरिकेतली चांगली खाऊनपिऊन सुखी माणसे सुट्टीच्या दिवशी घरातले नको असलेले सामान अंगणात मांडतात, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावतात आणि शेजारपाजारचे लोक ते घेऊन जातात. १९८७ साली टेनेसी राज्यात एका महामार्गाकाठी असा अंगणबाजार सुरू झाला. तो आता दर वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला चार दिवस भरतो आणि सहा राज्यांतून सुमारे ११०० किलोमीटर पसरलेला असतो. त्यांना लाज वाटत नाही, कारण ते याला घर आवरणे समजतात. आपणही तसेच समजावे.

आधी विचारा, मग विका

मात्र एक गोष्ट विकण्याच्या आधीची आहे. ती सांगताना घरचेच उदाहरण देतो.

१९७३ च्या उन्हाळ्यात आमची आई माहेरी गेली असता दारावर भांड्यांचा फेरीवाला आला. आमच्या वडिलांनी कोठीतली पितळेची घागर त्याला दिली आणि बदल्यात स्टीलच्या सहा ताटल्या घेतल्या. वडिलांना वाटले, आई खूश होईल. स्टील तेव्हा नवलाचे होते. पण ती घागर आईला तिच्या आईने दिलेली होती, काठावर आजीचे नाव घातलेले होते. आई परत आली, कोठीत गेली आणि बाहेर येऊन काही बोलली नाही. भांडण नाही, रडणे नाही. मात्र त्या ताटलीत ती पुढे कधीच जेवली नाही. शेवटपर्यंत तिने आपली जर्मनची ताटली वापरली. वडिलांना ते कळत होते. पुढे सुगी चांगली आल्यावर त्यांनी तालुक्याला दोन-तीन दुकानांत तशी घागर शोधली. घागरी पुष्कळ होत्या, नाव घातलेली ती कुठून मिळणार?

म्हणून माळ्यावरून एखादे भांडे उतरवले की आधी त्याच्या काठावर नाव पाहा. ज्या बाईच्या माहेरचे ते असेल तिला विचारा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपवा. हा केवळ मायेचा प्रश्न नाही, कायदाही तेच सांगतो. लग्नात व माहेराहून बाईला मिळालेल्या वस्तू हे तिचे स्त्रीधन असते. त्यावर पूर्ण मालकी तिची, नवरा किंवा सासर त्याचे फक्त राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. ती विका म्हणाली तर येणारे पैसेही तिच्याच हातात गेले पाहिजेत.

चार ढीग करा

आता कामाला लागू. अंगणात घोंगडे अंथरा आणि सामानाचे चार ढीग करा.

पहिला ढीग, वस्तू म्हणून विकण्याजोग्या सामानाचा. आपली मोठी चूक इथेच होते. चालू स्थितीतली सायकल, तिफण, वखर, कोळपे, शिलाई मशीन, पाळणा, लोखंडी खाट, हातपंपाची फवारणी टाकी हे सारे आपण भंगाराच्या गाडीवर किलोने घालतो. किलोने विकले की वस्तूतली उपयुक्तता फुकट जाते, नुसत्या लोखंडाचे पैसे मिळतात. तुमच्याकडे ट्रॅक्टर आला असेल, पण दोन-तीन एकरांवाला शेजारी अजून बैलावर औत हाकतो. त्याला नवी तिफण सुताराकडून करून घ्यायला खर्च येतो. तुमची चांगली असेल तर निम्म्या किमतीत तो आनंदाने नेईल. निम्मी किंमतसुद्धा भंगाराच्या भावाहून कितीतरी जास्त असते.

आपल्या जिल्ह्यातले चांगले उदाहरण म्हणजे हळद शिजवायची मोठी कढई. वसमत, औंढा, कळमनुरीकडे पूर्वी शेतातच चुलाण पेटवून कढईत हळद शिजवीत. आता वाफेवर शिजवणारे कुकर भाड्याने मिळू लागले आणि कढया कोपऱ्यात पडल्या. पण थोडकी हळद करणाऱ्याला अजून कढई लागते, आणि गावजेवणाच्या आचाऱ्यालाही लागते. ती दसऱ्याला भंगारात घालू नका. माघ-फाल्गुनात हळद निघते, तेव्हा चार लोकांच्या कानावर घाला. प्रत्येक वस्तूचा असा आपला मोसम असतो. बारदान सोयाबीनच्या तोंडावर, औतकाठी मिरगाच्या आधी, पंखे व कूलर उन्हाळ्याच्या सुरुवातीला.

दुसरा ढीग मोडीचा. फुटलेली, गळकी, दुरुस्त न होणारी भांडी आणि धातू यात घाला. पण सगळे एकत्र करू नका. तांबे, पितळ, कासे, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम आणि लोखंड असे वेगवेगळे ठेवा. तांबे पितळेहून महाग आणि लोखंड सर्वांत स्वस्त. एकत्र दिले की घेणारा खालचा भाव लावतो. कासे आणि पितळ यांत गल्लत होते. बोटाच्या पेराने टिचकी मारा, काशाचा नाद बराच वेळ घुमतो आणि पितळ लवकर गप्प होते. काशाला भाव जास्त मिळतो, म्हणून ते पितळेत जाऊ देऊ नका. भांड्याला लोखंडी कडी असेल तर ती आपणच काढा, नाहीतर तिच्यापायी जास्तीची घट धरली जाते.

जळालेल्या मोटरीतही तांबे असते. मोटर नव्याने गुंडाळायला टाकतो तेव्हा जुनी जळालेली तार बहुतेक वेळा दुकानातच राहते आणि आपण विचारत नाही. ती तार आपली आहे. "जुनी तार परत द्या, नाहीतर मजुरीतून वजा करा" असे आधीच सांगावे. मात्र तांबे काढण्यासाठी घरी वायर जाळू नका. तो धूर विषारी असतो, आणि पोरे नेमकी शेकोटी म्हणून भोवती बसतात. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी घरी फोडू नका, आत शिसे आणि तेजाब असते. नवी घेताना जुनी दुकानदाराला देऊन तेवढी रक्कम कमी करून घ्या.

विंचरलेले केससुद्धा आता माल आहे, हे मायबहिणींना माहीतच आहे. केसावर फुगे आणि पिना देणारे गावोगाव फिरतात. आपल्या देशातून केसांची मोठी निर्यात होते, त्यांचे टोप बनतात. तेव्हा फुग्यावर समाधान न मानता वर्षभराचे केस कोरडे साठवून वजनावर रोख पैसे मागावेत.

तिसरा ढीग कागदांचा. वह्या, वर्तमानपत्रे आणि पुठ्ठे रद्दीत जाऊ द्या. पण आजोबांच्या पेटीतला एकही कागद न वाचता देऊ नका. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुनी कागदपत्रे उर्दूत किंवा मोडीत असतात. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दी ठरत नाहीत. २०२३ साली शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा कागदांची किंमत सर्वांना कळली. जमिनीच्या वादातही जुनी पावती, पाहणीचा उतारा किंवा खरेदीखत उभे राहते. जाणकाराकडून वाचून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवा. किलोभर कागदाचे चार पैसे येतील, पण गेलेला कागद परत येणार नाही.

चौथा ढीग न विकायच्या वस्तूंचा. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे कोणत्याही भावाने विकू नका व कुणाला देऊ नका. चांगल्या स्थितीतल्या बाटलीत बनावट औषध भरले जाण्याचा धोका असतो, आणि एखाद्या घरी त्यात तेल किंवा पाणी भरले गेले तर जिवावर बेतते. फवारणीच्या वेळीच बाटली तीनदा धुऊन ते पाणी टाकीत घाला, मग तिला भोके पाडा आणि विहीर-ओढ्यापासून दूर खड्ड्यात पुरा. अनुदानावर मिळालेले ठिबक, तुषार संच किंवा अवजार विकण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात विचारा, कारण त्यावर काही वर्षांची अट असू शकते. जुना मोबाईल देताना सिमकार्ड काढा आणि आतले फोटो, बँकेची माहिती जाणत्या पोराकडून पुसून घ्या.

काटा कुणाचा?

भंगार विकताना नुकसान दोन ठिकाणी होते, भावात आणि वजनात. भावाचे आपण भांडतो, वजनाकडे बघत नाही.

हिशेब करून पाहू. समजा तुमच्याकडे आठ किलो पितळ आहे आणि बाजारात मोडीचा भाव किलोला ४०० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरला आहे, खरा भाव त्या आठवड्याला विचारून घ्यावा. आठ किलोचे ३२०० रुपये व्हायला हवेत. दारावरचा माणूस ३५० भाव सांगतो आणि त्याचा ताणकाटा किलोमागे १०० ग्रॅम खातो. आठ किलोचे वजन ७ किलो २०० ग्रॅम भरते आणि हातात २५२० रुपये पडतात. म्हणजे ६८० रुपये गेले. भावावर घासाघीस करून तुम्ही किलोमागे दहा रुपये वाढवून घेतले आणि खूश झालात, तरी वाढले अवघे ७२ रुपये. काट्याने खाल्लेला माल तसाच राहिला.

उपाय सोपा आहे. माल विकण्याआधी गावातल्या पिठाच्या गिरणीवर किंवा किराणा दुकानात वजन करून कागदावर लिहून ठेवा. फेरीवाल्याच्या काट्याची परीक्षाही दारातच होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. लिटरच्या मापाने पाच लिटर पाणी मोजून कॅनमध्ये भरा, आधी रिकामा कॅन व मग भरलेला कॅन त्याच्या काट्याला लावा. दोन्हींतला फरक पाच किलो यायला हवा. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाची तपासणीची मुद्रा असावी लागते, तीही पाहायला मागा. प्रामाणिक माणूस याचा राग मानत नाही. सगळे फेरीवाले फसवतात असे मुळीच नाही. उन्हातान्हात फिरून पोट भरणारी ती माणसे आहेत, आणि काटा तपासल्याने चांगल्या माणसाचेच नाव राहते.

भांड्याच्या बदल्यात भांडे घेताना दोन्ही व्यवहार वेगळे करा. आधी मोडीचे पैसे किती ते ठरवा, मग नव्या भांड्याची किंमत विचारा. दोन्ही एकत्र बोलले की कुठे किती गेले ते कळत नाही. आमच्या वडिलांनाही त्या सहा ताटल्या कितीला पडल्या ते शेवटपर्यंत कळले नाही.

गल्लीचा बाजार

आता विकायचे कुठे? मोड तालुक्याच्या भांड्याच्या दुकानी न्या, दोन ठिकाणी भाव विचारा. पहिल्या ढिगातल्या वस्तू आठवडी बाजारात नेता येतील. आपल्याकडे जवळा बाजारसारख्या गावाच्या नावातच बाजार आहे. वसमत, सेनगाव, आखाडा बाळापूर अशा ठिकाणी चार खेड्यांची माणसे येतात. बसायच्या जागेचा कर भरल्यावर पावती घ्या.

पण सर्वांत बरे म्हणजे आपल्याच गावात करावे. घटस्थापनेच्या आधीचा एखादा दिवस ठरवा. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी नको असलेले सामान मारुतीच्या पारासमोर किंवा शाळेच्या आवारात, गुरुजींना विचारून, सकाळी मांडावे. प्रत्येक वस्तूवर घराचे नाव व किंमत खडूने लिहावी. बचत गटातल्या एखाद्या हिशेबी ताईने वही धरावी. वस्तू, कुणाची, कुणी घेतली आणि किती रुपये, एवढे चार रकाने पुरेत. विकत घेणाऱ्यालाही या वहीचा आधार होतो. विहिरीवरच्या मोटरी आणि केबल चोरीला जाण्याचे प्रकार आपण ऐकतो, आणि चोरीचा माल जाणून घेणे हा गुन्हा आहे. दिवसाउजेडी, चारचौघांत, वहीत लिहून झालेल्या व्यवहाराला कुणी बोट लावू शकत नाही.

किंमत ठरवताना एक पथ्य पाळा. शेजाऱ्याच्या पोराला सायकल हवी असेल आणि पन्नास रुपये कमी पडत असतील, तर सोडून द्या. मात्र वस्तूत खोट असेल ती आधी सांगा. गावात उद्या पुन्हा तोंड दाखवायचे असते.

आणि विकण्याआधी जुन्या, घडणीच्या वस्तूंकडे एकदा निरखून पाहा. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, भांडी, दौती असल्या रोजच्या वस्तू गोळा केल्या, पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. त्यातल्या पुष्कळ वस्तू लोकांनी अडगळ म्हणूनच काढल्या असतील. आज माणसे तिकीट काढून त्या बघतात. नक्षीचा अडकित्ता, साखळीचा दिवा किंवा जुनी नाणी मोडीच्या भावाने घालू नका. ठेवायचे नसेल तर जाणकाराला दाखवून विका.

शेवटी आलेल्या पैशाचे. हा पैसा सुट्टा येतो आणि सुट्टाच जातो, चहापाण्यात आणि प्रदर्शनातल्या पाळण्यात कधी उडाला ते कळत नाही. म्हणून त्याचे काम आधीच ठरवा. काढणीची मजुरी, मळणीचे भाडे, लेकीचे लुगडे, जे असेल ते एक नाव त्या पैशाला द्या आणि त्याच दिवशी बाजूला काढा. जिच्या भांड्याचे पैसे असतील तिचे तिला मोजून द्या, मग तिने घरात घातले तर तो तिचा मोठेपणा.

यंदा माळा उतरवाल तेव्हा अंगणात चार ढीग घाला आणि घरातल्या सर्वांना बोलावून बसवा, म्हाताऱ्या माणसांना आधी. कोणते भांडे कुणाचे, कोणत्या साली आले हे त्यांनाच ठाऊक असते. तेवढी हकिकत ऐकून घ्या, मग काट्याकडे वळा. तुमच्या गल्लीत असा बाजार भरला तर काय विकले, काय राहिले आणि कुठे फसगत झाली, ते पत्राने जरूर कळवा. चार घरांचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडेल.